पिवळ्या झेंड्याखालचा मुलगा

“तुमच्या यॉटवर संडास कुठे असतो हो?”

ज्या मुलावर मी आयुष्यात सर्वांत जास्त रागावले, त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोष माझा नाही. सुष्मिता आणि बाकीच्या मुलींनी पैज लावली होती. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र यॉटजवळून बोट न्यायची आणि डेकवर वाचत बसलेल्या मुलाला हे विचारायचं. विचारणार नाही ती भित्री. आणि मी आता भित्री राहिलेली नव्हते. दीड वर्ष मोबाइलच्या चौकटीत “मॅम, ऐकू येतंय का?” करत काढलं, मग बारावीची शाळा एकदाची उघडली, एनसीसीच्या नेव्हल विंगचा सराव सुरू झाला, शिडाच्या बोटीचं सुकाणू माझ्या हातात आलं आणि मला कळलं की वारा माझं ऐकतो. त्यानंतर माणसांना कोण घाबरणार?

तरी एक चलाखी केलीच. प्रश्न मराठीत विचारला. चेन्नईत मराठी कुणाला कळतंय? शहराबाहेर आवडी नावाच्या उपनगरात, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमची मोजकी मराठी घरं, सुष्मिताचं त्यातलंच. लोकलमध्ये, दुकानात, लोकांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बिनधास्त बोलायची आम्हाला सवयच लागली होती.

मुलाने पुस्तक मिटलं, कठड्यापाशी आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “दोन आहेत. तुजला कोणचा पाहिजे?”

माझ्या हातून सुकाणू सुटलं. शीड फडफडलं, बोट गर्रकन फिरली, सुष्मिता पाण्यात पडता पडता राहिली. मागून तो हसत होता… आणि ते हसू मला धक्क्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

यॉटवर पिवळा झेंडा होता. परदेशातून आलेल्या बोटीची तपासणी संपेपर्यंत तो उतरवत नाहीत, आणि तोवर बोटीवरून कुणी उतरायचं नाही, बोटीला कुणी चिकटायचं नाही. आमच्या इन्स्ट्रक्टरनी तर तंबीच दिली होती की त्या यॉटला ज्याची बोट लागेल, त्याने एनसीसीचा गणवेश परत करायचा. पण लांबून चक्कर मारू नका असं ते म्हणाले नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चकरा मारल्या. वारा बोटीला थांबू देत नाही, त्यामुळे एका चकरेत त्याचा प्रश्न, दुसऱ्या चकरेत माझं उत्तर. त्याने नाव विचारलं. मी पूर्ण वळसा घालून आले आणि सांगितलं, “विद्युलता.” पुढच्या वळशाला तो कठड्यावर हनुवटी टेकून तयारच होता. “तरीच. काल तू गेलीस आणि येथे अंधार जाला.”

“असं बोलायला तुला कुणी शिकवलं?”

“आजोबांनी. ह्यांत वाईट काय?”

वाईट काहीच नव्हतं. तो गिरीधर. तंजावरचे मराठी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात बखरीतली वाटावी अशी मराठी, मधे मधे तमिळ, आणि इंग्रजी एकदम महागड्या शाळेतली. त्याच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना. माझ्याएवढाच, बारावीतला. घरी परतताना सुष्मिता मला “मजला, तुजला” करून छळत होती आणि मी तिला चिमटे काढत होते. पण मास्कच्या आत मी हसत होते, ते तिला दिसलं नाही.

राग आला तो पुढच्या रविवारी.

मी सहज विचारलं होतं, एवढे दिवस होतात कुठे. तो उत्साहाने सांगायला लागला. सगळं बंद झालं तेव्हा अप्पा म्हणाले, विमानं बंद असतील, समुद्र थोडाच बंद आहे. शाळा ऑनलाइनच होती. मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावून तो डेकवरून वर्गाला बसायचा. परदेशात क्वारंटाइन असायचं, पण बऱ्याच ठिकाणी समुद्रातले दिवस त्यातच धरायचे. म्हणजे किनारा दिसेपर्यंत यांची शिक्षा भोगून झालेली. मालदीव, सेशेल्स, पुन्हा मालदीव.

पुढच्या चकरेला मी विचारलं, “मे महिन्यात कुठे होतास?”

“सेशेल्स. तेथे कासवे आहेत, एवढी थोर…” त्याने दोन्ही हात पसरले.

मे महिन्यात माझे आजोबा मिरजेला दवाखान्यात होते. बाबांना रजा मिळाली तर गाडी नाही, गाडी मिळाली तर पास नाही. शेवटी आत्याने फोन धरला. मधेच नेट अडकलं, आजोबांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि तसाच थांबला. नेट परत आलं तेव्हा आत्या नुसती रडत होती. बाबा त्या दिवशीही दुसऱ्या पाळीला गेले.

हे सगळं मला गिरीधरच्या तोंडावर फेकायचं होतं. पण “आम्ही आजोबांना फोनवर…” एवढं म्हणेपर्यंत वाऱ्याने बोट पुढे नेली. रागवायलासुद्धा मला अख्खी चक्कर मारून परत यावं लागलं. आले, आणि उरलेलं ओरडले. “आजोबांना फोनवर मरताना पाहिलं आम्ही. आणि तू कासवं बघत होतास.”

त्याचे हात अजून तसेच पसरलेले होते. त्याने ते हळूच खाली घेतले. मी पुन्हा वळले नाही. सरळ धक्क्यावर आले आणि शीड असं गुंडाळलं की सुष्मिता म्हणाली, फाडतेस की काय.

आठवडाभर मी ठरवत होते, त्याच्याकडे बघायचं नाही. मग तो कुठे बसला आहे हे मला लांबूनच कसं कळलं, देव जाणे. तो बसला नव्हता, उभा होता. मी जवळ आले तसा तो यॉटच्या मागच्या टोकाला गेला आणि तिथला दुसरा झेंडा त्याने सावकाश अर्ध्यावर उतरवला, पुन्हा वर चढवला. समुद्रात नौदलाचं जहाज भेटलं की बाकीची जहाजं असा मान देतात. माझी बोट दोन माणसांची, शिडाला ठिगळ, आतलं पाणी आम्ही मगाने उपसत होतो.

मी चक्कर मारली. मारावीच लागली.

“आम्ही सहल म्हणत होतो,” तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही, पण वारा माझ्या बाजूचा होता. “सहल नव्हती ती. आम्ही पळालो होतो.”

तो “माफ कर” म्हणाला असता तर मी अजून भडकले असते. तो हे म्हणाला… आणि माझी पंचाईत झाली. राग कुठे ठेवायचा ते कळेना, आणि टाकवतही नव्हता.

त्यानंतर दोन-तीन सराव आम्ही तसेच बोललो. त्याने विचारलं, मी पाण्याला घाबरत नाही का. मी म्हटलं, मी फक्त फिजिक्सला घाबरते. त्याने ओरडून एक सूत्र समजावलं, पुढच्या चकरेला माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि माझं चुकल्यावर कठड्यावर डोकं आपटून घेतल्याचं नाटक केलं. स्वयंपाकघराच्या दारातून अलमेलूअक्का पदर तोंडाला लावून हसायची. ती यॉटवरची स्वयंपाकीण. घरच्यांखेरीज बोटीवर ती आणि कप्तान, एवढेच.

मग एका शनिवारी डेक रिकामा दिसला. गिरीधरच्या घरच्यांना बंगल्यावर क्वारंटाइन व्हायची परवानगी मिळाल्याचं अक्काने ओरडून सांगितलं. मला जरा… जाऊ दे. मी त्या दिवशी वाईट बोट चालवली एवढंच.

तो परत दिसला तो ऑक्टोबरच्या एका रविवारी, थेट आमच्या धक्क्यावर. पाण्यावरून मला त्याचा चेहरा दिसायचा पण डोळे कळायचे नाहीत. आता डोळे समोर होते आणि चेहरा मास्कमध्ये. तपकिरी डोळे. पापण्या मुलींसारख्या लांब. तो धक्क्यावरचा खांब धरून उभा होता.

“जमीन हलते आहे,” तो म्हणाला. “एवढे दिवस बोटीवर राहिले की असे होते.”

“अजून?”

“थांबली होती. आता पुन्हा हलते.”

“खोटारडा.” माझे कान तापले. मास्क एवढा उपयोगी मला दीड वर्षात कधी वाटला नव्हता. आम्ही नियमाप्रमाणे अंतर ठेवून उभे होतो, आणि ते अंतर सारखं कमी वाटत होतं, सारखं जास्त वाटत होतं.

तेवढ्यात मला सकाळचं आठवलं. सरावाला निघालो तेव्हा अलमेलूअक्का कठड्याशी उभी होती. आज हसली नाही. पाण्याचा मोठा कॅन उलटा धरून हलवून दाखवत होती. मी त्याला विचारलं, अक्का अजून बोटीवर का?

त्याला नीट माहीत नव्हतं. म्हणाला, अक्काचं आणि कप्तानाचं इथे घर नाही ना, म्हणून त्यांना उतरता येत नाही. त्यांचे कागद एजंट करेल. एजंटला अप्पा सांगतील. अप्पा कोडैकनालला गेलेत, आले की सांगतील.

“आणि पाणी?”

त्याने खांब दुसऱ्या हाताने धरला.

“पाणी, गिरीधर. प्यायचं. तू विचारलंस?”

“मजला वाटले, एजंट…”

“तू उतरलास तेव्हा वळून बघितलंस तरी का?” आता अख्खा धक्का ऐकत होता आणि मला पर्वा नव्हती. “वर्षभर तिच्या हातचं जेवलास. पुन्हा पळालात तुम्ही. या वेळी तर समुद्रही लागला नाही. तू तिथे अडकला असतास ना, तर तुझ्या अप्पांनी कोडैकनालहून एका तासात एजंट पाठवला असता.”

त्याचे डोळे माझ्यावरून यॉटकडे गेले.

“होय,” तो म्हणाला. “पाठवला असता.” आणि मग, “मजला सोडतेस तेथे?”

सुष्मिताने माझा दंड धरला. म्हणाली, वेडी आहेस का, सर चहा पिऊन येतायत, विशाखापट्टणमच्या कॅम्पची निवड उद्या आहे, तुझं नाव पहिलं आहे. सगळं खरं होतं. त्या कॅम्पसाठी मी उन्हात करपले होते, हाताला घट्टे पाडून घेतले होते. मी तिचा हात सोडवला आणि धक्क्यावरच्या एनसीसीच्या खोलीतले पाण्याचे दोन कॅन बोटीत चढवले.

वाटेत तो सुष्मिताच्या जागी बसला होता, मी सांगेन तशी दोरी ओढत होता. आकाश काळवंडलेलं, वारा ओला. यॉटला बोट लागली तेव्हा खट्‌ असा आवाज झाला, आणि ज्यासाठी गणवेश परत करायचा ते माझ्याकडून झालं.

कप्तानाने कॅन वर घेतले. गिरीधर शिडीवर एक पाय ठेवून थांबला. यॉटवर पाय पडला की त्याचं क्वारंटाइन पहिल्यापासून सुरू, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“राग गेला?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग…?”

“मग काय? रागासकट आवडतोस.”

शिडीच्या दोरावर त्याचा हात होता. खाली माझा. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली, लाट येऊन जाईल एवढाच वेळ. “मजलाही,” तो म्हणाला, आणि वर चढून गेला.

आम्ही दुपारी बोटी धूत होतो तेव्हा एजंटची लाँच घाईघाईने यॉटकडे गेली. संध्याकाळच्या आत कागद झाले. अलमेलूअक्का लाँचमधून उतरली आणि धक्क्यावर बूड टेकून बसली, बराच वेळ उठलीच नाही. गिरीधर वर कठड्याशी एकटा. कप्तानही उद्या उतरणार होता.

पण उतरलेला मुलगा परत चढला कसा, हे बंदरवाल्यांनी आमच्या इन्स्ट्रक्टरना विचारलं. सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं. उद्या सकाळपर्यंत नाव कळलं तर ती एक मुलगी घरी बसेल. नाही कळलं तर कॅम्पला कुणीच जाणार नाही.

आवडीच्या लोकलमध्ये सुष्मिताने युक्ती काढली. मुलाने आपणच बोट सोडून नेली असं सगळ्यांनी सांगायचं. त्याचे वडील मोठे, त्याला कोण काय करणार. मुलींनी माना डोलावल्या. सगळ्यांचं भलं होत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि माझा राग वाढतच गेला. या वेळी तो त्याच्यावर नव्हता.

घरी आई माझ्या कॅम्पच्या बॅगेत नवे मोजे ठेवत होती. बाबा टीव्हीसमोर. मी जाऊन टीव्ही बंद केला. गणवेशाची इस्त्रीची घडी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. संडासापासून शिडीपर्यंत. आई मोजे हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, “नियम म्हणजे काय खेळ वाटतो तुला?”

“नाही. म्हणून तर मोडला ते सांगतेय. बाबा, उद्या सकाळी मी सरांना जाऊन सांगणार आहे की बोट मी नेली. त्याने चोरली नाही, वाऱ्याने वाहवली नाही, मी नेली. कॅम्प गेला, ते मला माहीत आहे. मी रडणार आहे, पण नंतर. आणि तो उतरेल त्या दिवशी मी धक्क्यावर जाणार आहे. चोरून नाही, तुम्हाला सांगून. मग त्याला इथे आणणार, तुमच्यासमोर बसवणार. तुम्हाला त्याला जे काही बोलायचं आहे ते तेव्हा बोला. त्याला ऐकून घेता येतं.”