दृश्यदर्शकाची खाच

माझी पुतणी यशोधरा त्या दिवशी जेवणाचा डबा घरीच विसरली. तो पोहोचवण्यासाठी मी तळेगावहून लोणावळ्यास गेलो. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचे आराखडे करणे हा तिचा व्यवसाय. टेकडीवरील एका भाड्याच्या बंगलीत ती एकटीच काम करीत असे. दरीतून चढलेले धुके भरदुपारी खिडक्यांना टेकून उभे होते. खोलीत ओल्या भिंतींचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास कोंडला होता.

"बरं झालं आलात, आबा. उद्या कंपनीला नमुना दाखवायचाय. हा असाच वागला तर माझं काम दुसऱ्याला देणार आहेत."

टेबलावर कॅमेरा होता. खटका दाबताच त्याच्या खाचेतून बोटाच्या पेराएवढा दृश्यदर्शक वर येई, आणि वरून दाबला की आत जाई. त्याला डोळा लावला म्हणजे मागचा पडदा आपोआप विझे व चित्र आतल्या भिंगात दिसे. डोळा दूर होताच पडदा पुन्हा उजळे.

"आता बघा," म्हणत तिने खटका दाबला व ती मागे सरली.

आम्ही दोघेही दूर उभे होतो. पडदा विझला.

"डोळा ओळखणारा सेन्सर धुक्याने फसत असेल. खिडकी लाव."

"लावून पाहिली. आबा, तुमच्या डेपोतल्या दुर्बिणी नव्हेत या, फुंकर मारली की झालं!"

देहूरोडच्या लष्करी डेपोत मी हयातभर दुर्बिणी दुरुस्त केल्या होत्या; टोमणा झोंबला. भिंगावर काही चिकटले आहे काय, हे चाचपण्यासाठी मी त्यावर तळहात ठेवला.

तळव्याला पापणीचे केस फडफडलेले जाणवले. एकदा... मग पुन्हा.

मी हात झटकला.

"आबा?... काय झालं?"

"आत ढकल तो. आधी आत ढकल..."

तिने अंगठ्याने दाबला. दृश्यदर्शक आत गेला, परंतु खाचेचे झाकण किंचित उघडेच राहिले. फटीत एक काळा, बाकदार केस अडकला होता.

"असा कसा दाखवू उद्या?" ती पुटपुटली आणि तिने चिमटा उचलला.

"नको, यशोधरा..."

केस सुटेना; नुसता ताणला गेला. तिने हिसका दिला, आणि त्याच क्षणी किंकाळी फोडून स्वतःचा उजवा डोळा दोन्ही हातांनी दाबून धरला. बोटांच्या फटीतून रक्ताचा थेंब ओघळला.

मी तिला खुर्चीत बसवले. खटक्यास कोणाचाही हात लागला नव्हता. तरीही झाकण उचलले गेले, आणि दृश्यदर्शक अतिशय सावकाश वर येऊ लागला.