नऊ किलोलाही न मोडलेली गोळी

दिवसभर गोळ्या मोडायच्या, हीच तिची नोकरी. औषधाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर बसून ती एकेक गोळी यंत्राच्या चिमट्यात धरायची आणि किती किलोच्या दाबाला मोडते ते लिहायची. सगळे तिला मोडमॅडम म्हणत. आज मात्र मोडमॅडमचंच डोकं फिरलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या बाकावर धपकन बसली. शेजारी एक अनोळखी तरुण डबा खात होता.

“काय झालं?”

त्यानं विचारायचा अवकाश, ती सुटलीच. “खालचा तो गोळ्या दाबून बनवणारा मशीनवाला! गोळी चार किलोलाच मोडते म्हणून कळवलं, तर त्या बाबानं मशीनचा दाब वाढवला. मग तीनला मोडली, तर आणखी वाढवला! आता टोपणासारखा वरचा थरच निघून येतोय. सहा महिने फोनवर नुसतं ‘बरं मॅडम’! त्याला काढा म्हणून रिपोर्ट लिहिलाय मी. चार वाजता साहेबांच्या टेबलावर!”

त्याचा घास हातातच राहिला. “दाब वाढवला की गोळी… कच्ची होते?”

“मग! भुकटीत हवा असते. धाडकन दाबलं की ती आतच कोंडते, आणि दाब सुटला की वरचा थर उचलते. आधी हलकेच दाबून हवा जाऊ द्यायची, मग जोर लावायचा. वेगही कमी. एवढं साधं—” ती थबकली. तो इतका टक लावून ऐकत होता, की तिला उगाचच केस सारखे करावेसे वाटले.

तीन वाजता खालून नव्या गोळ्या आल्या. आठला मोडेना. नऊलाही नाही! दुसरी, तिसरी… तेच! ती चाटच पडली. रिपोर्ट खिशात घेऊन तरातरा खाली गेली.

मशीनपाशी टोपी, मास्क, पांढरा झगा. उघडे फक्त डोळे… ते डोळे!

“तु… तुम्ही?”

“बरं मॅडम.” डोळे हसले.

“अगं बाई! मघाशी बोलला का नाहीत?”

“तुमचा आवाज लगेच ओळखला. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच तुम्ही दोन वाक्यांपुढे बोललात… मध्ये तोडवेना. नोकरी जातेय हे ऐकूनसुद्धा.” तो घुटमळला. “मला तुम्ही आवडता. फार आवडता.”

तिनं घाईघाईनं खिशातला रिपोर्ट काढून फाडायला घेतला.

“फाडायचा नाही!” तो ओरडला.

खरंच की. इथे चुकलेला कागद फाडत नाहीत. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला कारण आणि सही. तिनं रेघ मारली. तो वाकून वाचू लागला.

“‘तात्काळ काढावे’? तात्काळ?”

“गप्प बसा हो!”

“कारण?”

तिनं लिहिलं : ‘चूक माझी. गोळी किती किलोला मोडते तेवढंच कळवत राहिले, का मोडते ते सांगितलंच नाही.’

“साहेब वाचतील…”

“वाचू देत. आणि ते दुसरं—” तिचे कान तापले. “त्याचं उत्तर उद्या, बाकावर. डबा दोघांपुरता आणा.”

“बरं,” तो म्हणाला, आणि ‘मॅडम’ म्हणायचं पार विसरून गेला.