मानेतली केसभर रेघ

सूर्यकांतमामा घाबरले नसते, तर निवेदिता आणि ध्रुवची ओळख झालीच नसती.

बंगळुरात मल्लेश्वरममधल्या तिच्या हॉस्पिटलने एका रविवारी मराठी मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांसाठी हृदयतपासणी ठेवली होती. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर निवेदिता बसली होती. मान जरा तिरकी करून पडायचं, गार जेल लावून मानेवरून प्रोब फिरवायचा, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची भिंत किती जाड झालीय ते पडद्यावर मोजायचं, एवढंच. त्या भिंतीवरून हृदयाला किती धोका आहे, याचा अंदाज येतो.

पण मामा खाटेपाशीच अडले.

"मानेला हात लावलेला मला चालत नाही, बाई. आधी ह्याचं करा. मग बघतो."

'हा' म्हणजे त्यांचा भाचा, ध्रुव. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून मामांना सोडायला आला होता, आणि दाराला टेकून फोन बघत होता.

"मी?"

"भ्यायचं काय आहे त्यात?" निवेदिता म्हणाली. "स्वल्प मान वळवायची, बस्स."

तो हसत आडवा झाला. "तुमची मराठी कुठली?"

"निपाणीची. का, समजली नाही?"

"समजली. छान वाटली. पुण्यात असं प्रेमानं कोणी मान वळवायला सांगत नाही."

"बोलू नका. चित्र हलतं."

तो गप्प झाला, पण डोळे हसतच होते. निवेदिताने पडद्याकडे पाहिलं... आणि तिचा हात थांबला. तिने पुन्हा मोजलं. दुसऱ्या बाजूनेही मोजलं. तिशीतल्या माणसाची भिंत एवढी जाड नसते. आणि वाहिनीला फाटा फुटतो, तिथे एक बारीकसा उंचवटा...

"घरात कोणाला हृदयाचा त्रास?" तिने विचारलं.

उत्तर मामांनी दिलं. "ह्याचे वडील. सकाळी दाढी करता करता गेले. हा तेव्हा कॉलेजात होता."

ध्रुवच्या डोळ्यांतलं हसू मावळलं. निवेदिताने स्टूल ओढलं, त्याच्या जवळ बसली आणि सावकाश सांगितलं, की हा निकाल नाही, इशारा आहे. रक्त तपासा, हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. आज कळलंय, म्हणजे वेळ हातात आहे.

मामांची मान मात्र ठणठणीत निघाली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुढे काही आठवड्यांनी मामा तिला भाजीबाजारात भेटले. भाचा डॉक्टरांकडे गेलाच नव्हता. रोज उद्यावर ढकलत होता.

"त्यांना सांगा," हातातली मेथी तशीच धरून निवेदिता म्हणाली, "डॉक्टरबाई रागावल्यात."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फोनवर ध्रुव होता.

"रागावलात म्हणे?"

"हो."

"किती?"

"रक्त तपासून आलात तर कमी होईल."

पलीकडचा आवाज खाली आला. "भीती वाटते हो. बाबांचं जे झालं, ते कागदावर लिहिलेलं बघायची..."

निवेदिताने फोन दुसऱ्या कानाला लावला. "भीती वाटली तरी जाता येतं," ती म्हणाली. "मामाही झोपले ना खाटेवर, तुमच्यानंतर."

तो गेला. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं, आणि तेही वडिलांकडून आलेलं. गोळ्या सुरू झाल्या, सिगारेट सुटली. डॉक्टरांनी भावंडांचीही तपासणी करायला सांगितली, म्हणून पुण्यात प्रांजलीचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं, रक्त तपासलं. तिचंही तसंच निघालं. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती.

हे सगळं सांगायला तो एका शनिवारी स्वतः आला. निवेदिता ऐकत राहिली. अंधाऱ्या खोलीत दिवसभर माणसं यायची, मान वळवायची, रिपोर्ट घेऊन जायची. पुढे त्यांचं काय झालं, ते तिला कधीच कळत नसे. परत येऊन सांगणारा हा पहिलाच.

"बरं झालं आलात," ती म्हणाली.

मग शनिवारची सवयच लागली. सँकी तलावाला एक फेरी, नंतर फिल्टर कॉफी. लवकरच तो तिला 'तू' म्हणू लागला, ती मात्र 'तुम्ही'वरच राहिली. झाडांवरून गुलाबी फुलं गळायची, तर तो तिच्या केसांत अडकलेलं फूल नुसतं बोटाने दाखवायचा, काढायचा नाही. ऑटोवाल्याशी कन्नड बोलायला बघायचा आणि 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', करत दुप्पट भाडं देऊन बसायचा. ती हसायची. रविवारपासून शनिवारची वाट बघायची.

आणि तिथेच तिला टोचायला लागलं. हा का येतो? जीव वाचवला म्हणून? उपकाराच्या ओझ्याखाली कुणी आपल्याला कॉफी पाजावी, हे तिला नको होतं.

"ध्रुव," एका शनिवारी ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आभार मानून झालेत तुमचे. इतक्या लांब यायची गरज नाही."

तो मान हलवून निघून गेला. पुढचे शनिवार रिकामे गेले. ती एकटीच तलावाला फेरी घालून आली, आणि कॉफी न घेताच घरी गेली.

पहिल्या तपासणीला वर्ष उलटलं. मानेतला तो उंचवटा पुन्हा बघून घ्या, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि एका सकाळी तपासणीसाठी त्याचं नाव पुकारलं गेलं. निवेदिता दारात आली.

"तुमची तपासणी डॉक्टर धनलक्ष्मी करतील."

तो उठून उभा राहिला. "इतका राग आहे?"

"राग नाही."

"मग?"

कॉरिडॉरमध्ये माणसं होती. ती भिंतीकडे सरकली, आवाज उतरवला. "पडद्यावर रेघ कुठे ठेवायची, ते मोजणाऱ्याच्या हातात असतं. केसभर अलीकडे, केसभर पलीकडे. आणि तुझी भिंत वाढलेली नसावी असं मला... फार वाटतं. ज्याला इतकं वाटतं, त्यानं मोजू नये."

तो जवळ सरकला.

"स्वल्प पुन्हा सांगशील?"

"नाही. आत जा."

"जातो. पण माझंही ऐक. आभार आहेतच, ते जन्मभर राहणार, त्याला माझा इलाज नाही. पण आभार मानायला माणूस एकदा येतो, निवेदिता. दर शनिवारी सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून येत नाही."

दार लागलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. इथे काम करत इतकी वर्षं झाली, पण पेशंटच्या माणसांच्या बाकावर ती कधी बसली नव्हती. बंद दाराकडे बघत बसणं एवढं जड असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारताच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

दार उघडलं. धनलक्ष्मीने सवयीने विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

निवेदिता उठली.

"मी आहे."

धनलक्ष्मीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आत मानेवरचं जेल पुसत बसलेल्या ध्रुवकडे पाहिलं, आणि बाजूला झाली. "सरी. ये. वाढलेलं काही नाही, होतं तेवढंच आहे."

निवेदिता आत गेली. टिश्यूचा एक कागद ओढून त्याच्या कानाखाली राहिलेलं जेल पुसू लागली. तिने सांगितलेलं नसताना त्याने मान वळवून धरली.