छत्रीखालच्या दोन खुर्च्या

"अहो, ती खुर्ची माझी आहे!"

"असेल. पण टॉवेल माझा आहे."

सूर्य अजून पुरता वर आला नव्हता. समुद्र झोपेत कूस बदलावी तसा हळूच हलत होता. आणि मी, केसही न विंचरता, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून, एका अनोळखी मुलाशी खुर्चीवरून भांडत होते.

आत्याचा हुकूमच तसा होता. या हॉटेलात आल्या आल्या मनगटावर निळी पट्टी बांधतात. ती असली की खा, प्या, पोहा, नाचा... कुणी अडवत नाही. आत्याने तर पहिल्याच दिवशी कलिंगडाच्या तीन बशा रिचवल्या. मागून मिळत नाही ती एकच गोष्ट, सावली. एवढं मोठं हॉटेल, आणि अगदी पाण्याजवळ दाट सावलीची छत्री एकच. तिच्याखाली आडवं पडायच्या दोन लांब खुर्च्या. "पहाटे जा, दोन्हींवर टॉवेल टाक, आणि मी येईपर्यंत हलू नकोस," आत्याने बजावलं होतं. कारण नुसता टॉवेल दिसला आणि माणूस दिसलं नाही, की हॉटेलचा टॉवेलवाला तो उचलून नेतो.

माझा टॉवेल एका खुर्चीवर पडला, त्याच क्षणी दुसरीवर त्याचा.

"मला दोन्ही हव्यात," मी म्हटलं. "आत्या आहे माझी. तिचे गुडघे दुखतात."

"माझे आजोबा आहेत. त्यांचे गुडघे सोडून बाकी सगळं दुखतं."

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

हटायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून दोघंही बसलो. थोड्या वेळाने तो उठला, मला डोळ्यांनीच 'लक्ष ठेवा' म्हणाला आणि कॉफीचे दोन कप घेऊन आला. साखर किती, ते विचारलं नव्हतं. कडू कॉफी मी गुपचूप प्यायले.

ऊन चढल्यावर आत्या आणि आजोबा आले, आमच्याकडे न बघता खुर्च्यांवर आडवे झाले, आणि कुणाच्या डॉक्टरला जास्त कळतं यावरून लगेच जुंपली त्यांची. आम्ही दोघं तापलेल्या वाळूत.

"पहारा आपला आणि राज्य त्यांचं," तो पुटपुटला.

दुसऱ्या पहाटे मी केस विंचरून गेले. आत्याच्या ते लक्षात आलं.

मग रोज पहाटे आम्ही तिथे. नियम त्याने घातला. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, कामाचं बोलायचं नाही. "सुट्टीवर आलोय ना? मग घरचं ओझं कशाला?" मीही तोऱ्यात "कबूल" म्हटलं. तो मला शेजारीण म्हणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा गार वारा सुटला, तर त्याने खुर्ची अडवायला टाकलेला टॉवेल उचलून माझ्या खांद्यांवर घातला...

"अरे, खुर्ची जाईल ना!"

"जाऊ दे."

त्या दोन शब्दांवर मी दिवसभर तरंगत होते. आत्या विचारत होती, ऊन लागलं का ग तुला?

आमचा मुक्काम संपत आला. त्यांचा अजून बाकी होता. आता नाव विचारलं नाही तर हा मुलगा मला जन्मात सापडणार नव्हता, हे दिसत होतं मला. पण नियम त्याने घातलेला, मोडायचा तर त्यानेच मोडावा. माझा ताठा!

"परवापासून माझ्याशी कोण भांडणार?" शेवटून दुसऱ्या पहाटे त्याने हळूच विचारलं.

आणि मी म्हणाले, "मिळेल कुणीतरी."

त्याचं तोंड एवढंसं झालं. माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेवटच्या पहाटे मी गेले, तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी बसले. उजाडलं, ऊन आलं, तो आला नाही. "आज एकट्याच?" टॉवेलवाल्याने विचारलं. डोळ्यांत वाळू गेल्याचं सांगून मी उठले.

काउंटरवरच्या बाईंनी कात्रीने माझी निळी पट्टी कापली. मनगट एकदम उघडं वाटायला लागलं.

स्टेशनला नेणारी हॉटेलची छोटी बस उभी होती. आत्या पुढच्या सीटवर बसली. "मला पाय लांब करायचेत. तू जा मागे," म्हणाली. मागे खिडकीच्या एकाच सीटवर कुणी नव्हतं, आणि तिच्यावर रुमाल पसरलेला.

"इथे कुणी आहे का?" मी शेजारच्याला विचारलं.

"आहे. तू."

तोच! केस विस्कटलेले, मनगटावर निळी पट्टी, पायात घरातल्या चपला.

"ही बस स्टेशनला चाललीय," मी कशीबशी म्हणाले.

"माहितीये. येताना रिकामी येते. पहाटेच ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, आत्ताच जागा धर, नंतर मिळायची नाही. तेव्हापासून बसलोय."

"आणि आजोबा?"

"छत्रीखाली, दोन्ही खुर्च्या अडवून. त्यांनीच पाठवलं. तुझ्या आत्यालाही ठाऊक आहे."

पुढे आत्याने मान वळवली नाही, पण तिचे खांदे हसत होते.

बस सुटली. खिडकीतून समुद्र मागे मागे जायला लागला.

"काल तू म्हणालीस, मिळेल कुणीतरी..." त्याचा आवाज अडखळला. "मला कुणीतरी नको. मला तू हवीस."

मी रुमालाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

"अगं, रुमाल माझा आहे तो."

"असेल. पण जागा माझी आहे."

तो हसला. आणि मग, त्याने विचारायच्या आधीच, मी त्याला माझं नाव सांगितलं.