शेवटच्या ओळीखाली

त्या शनिवारी दुकानात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. आतल्या खोलीत ती डोळे तपासायची, बाहेरच्या टेबलाशी बाबा काचा घासून फ्रेमला बसवायचे. एकवीस वर्षं बापलेकीचं हे असंच चाललं होतं. काच घासायच्या चाकावर थेंब थेंब पाणी पडत होतं आणि ओल्या काचेचा तो राखाडी वास सगळीकडे भरला होता.

"कोणाचा नंबर, बाबा?"

"माहीत नाही."

वर्षातून एखाददुसऱ्या वेळी बाबांना ही लहर यायची. समोर ना माणूस, ना कागद; तरी एक चष्मा करायचा, पाकिटात घालायचा, वर नंबर आणि तारीख लिहायची. नावाची जागा कोरी. असली पाकिटं खालच्या खणात पडून होती.

"परत वरून ऑर्डर आली वाटतं? फ्रेम कुठली म्हणाला तुमचा देव?"

"काळी. टिकाऊ," बाबा गंभीरपणे म्हणाले. "फॅशनमधलं त्याला काही कळत नाही."

ती हसली. बाबाही हसले. मग उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मी कशासाठी होतो गं?"

ती बिलं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कशासाठीच नाही, बाबा. कोणीच कशासाठी नसतं. जन्मतो, जगतो, संपतो."

"बरं, मास्तरीणबाई," ते म्हणाले आणि पाकिटावर नंबर लिहू लागले.

दुसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत.

ते 'बरं' तिच्या मानगुटीवर बसलं. आपलं मत खरं होतं, आजही खरं आहे, हे ती स्वतःला बजावत राहिली. पण त्या माणसानं हात पुढे केला होता आणि आपण त्यावर खरं मत ठेवलं. दुसरं काहीतरी ठेवता आलं असतं. काय, ते मात्र सुचत नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिनं दुकान उघडलं. पहिला आला तो एक निवृत्त कंडक्टर. त्याचा नंबर लिहिताना तिचा हात अडखळला. खालचा खण आवरताना सकाळीच हा वाचला होता. तिनं पाकीट काढलं. तोच नंबर, भिंगाच्या तिरपेपणाचा कोनही तोच, त्र्याहत्तर अंश. एकशे ऐंशी अंशांतला नेमका त्र्याहत्तर.

"तुमच्या वडिलांकडे मी कधी आलो नव्हतो," कंडक्टर म्हणाला आणि आरशात बघून खूश झाला. "पण बसलाय बघा कसा! जन्मल्यापासून नाकावर असल्यासारखा."

योगायोग, ती म्हणाली.

मग एक शिंपीण आली. मग बँकेतला शिपाई. पाकिटं सतरा होती, ती एकेक करून कमी होऊ लागली. तिनं आपल्या परीनं खबरदारी घेतली. खणाला कुलूप घातलं, आधी तपासणी पुरी केली, एका गिऱ्हाइकाला तर दुसऱ्या दुकानात पाठवून नंबर पुन्हा काढून आणायला लावला. काही फरक पडला नाही.

आत्या म्हणाली, "दादा सांगायचाच. माणूस उगाच येत नाही."

"आत्या, बाबांनी जुन्या वहीतून नंबर उचलले असतील."

"असतील हो. तू म्हणतेस तर असतील."

मग एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीनं खुर्चीत पाय हलवत अक्षरं वाचली. नंबर निघाला. खणात एक पाकीट होतं, त्यात लाल, बोटभर दांड्यांचा चष्मा. दांड्या मुलीच्या कानांवर अलगद टेकल्या.

पाकिटावरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

त्यानंतर तिला खुर्चीत बसवेना. येईल त्याचे डोळे ती तपासू लागली, टपालवाल्याचे, दूधवाल्याचे, पत्ता विचारायला आलेल्याचेसुद्धा. एकच पाकीट उरलं होतं. त्या शनिवारचं. काळी फ्रेम, टिकाऊ. ते कोणाचंच निघत नव्हतं.

एका दुपारी तक्त्याची सर्वांत बारीक ओळ तिला धूसर दिसली. आजवर तिचे डोळे ठणठणीत होते. बाबा त्यावरून चिडवायचे, चष्म्याच्या दुकानात वाढून चष्मा नाही म्हणून. तिनं चाचणीची फ्रेम लावली आणि एकेक भिंग बदलत स्वतःलाच विचारलं, "हे बरं, की आधीचं?"

नंबर तिनं कागदावर लिहिला. मग पाकिटाशेजारी ठेवला. एकही आकडा वेगळा नव्हता.

तिनं काळ्या फ्रेमचा तो चष्मा लावला.

बारीक ओळ स्पष्ट झाली. तिच्या खाली छपाईची किनार होती, टिंबांची एक रेघ. तक्ता तिच्या जन्माआधीचा. ती रेघ तिनं हजारदा पाहिली होती.

ती टिंबं नव्हती.

ती जवळ गेली नाही. खुर्चीत बसूनच, गिऱ्हाइकं वाचतात तसं, एकेक अक्षर वाचलं.

"मी... क... शा... सा... ठी..."

पुढचं वाचायची गरज नव्हती. बाबांनी त्या दिवशी ते इकडेच बघून म्हटलं होतं.

बाहेर, बंद चाकावर, पाण्याचा एक थेंब पडला.

त्या रेघेखाली आणखी एक रेघ होती. तिच्याहून बारीक. तिचं पहिलं अक्षर आताच उमटल्यासारखं स्वच्छ होऊ लागलं होतं.

'मा'.

तिनं चष्मा ओरबाडून काढला आणि मांडीवर पालथा दाबून धरला. डोळे मिटले.

"हे माझं मी बोलतेय," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "कोणी लिहून ठेवलंय म्हणून नाही."

पुन्हा एक थेंब पडला.

"माझ्यासाठी, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी होतात."