पिवळी धूळ

लागोसला आल्यावर मार्तंडने आधी खिडक्या घट्ट लावायला शिकून घेतलं. याबा भागात तिसऱ्या मजल्यावर त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाली टायरचं दुकान, समोर केळी तळणारी बाई, आणि उजाडल्यापासून बसगाड्यांच्या कंडक्टरांचा ओरडा. देवासच्या कारखान्यातला फिटर इथे फोरमन झाला होता. बाजारात भाव करणं जमू लागलं होतं. आता बायको, बकुळा, आली की घर लागलं.

जानेवारीत वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला. भांड्यांवर, उशीवर धूळ बसू लागली.

"हार्मॅटन म्हणतात याला, भिया," बरोबर काम करणारा बदनावरचा शिवाजीराव म्हणाला. "धूळ सगळ्यांच्याच घरात येते. खोकायचं आणि गप बसायचं."

शिवाजीरावच्या घरातली धूळ राखेच्या रंगाची होती. मार्तंडच्या घरातली पिवळी. तिला हळदीचा वास होता.

तो वास त्याने देवासला, खंडोबाच्या देवळात घेतला होता. कारखान्यातल्या प्रेस मशीनची संरक्षक जाळी त्यानेच काढून ठेवली होती, आणि त्यात जोडीदार मानाजीच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. खरं सांगितलं असतं तर आफ्रिका हुकली असती. मार्तंडने चार माणसांसमोर बेलभंडारा उचलला आणि जाळी मानाजीनेच काढली म्हणून शपथ घेतली. बेलभंडारा उचलल्यावर पुढे कोणी विचारत नाही. मानाजीची नोकरी गेली. जखम चिघळून पावसाळ्याआधी तोही गेला.

देवळाबाहेर तो एवढंच म्हणाला होता, "मार्तंडा, देव बघून घेईल. त्याला सवड नसली तर मी येतो."

एका सकाळी टेबलावरच्या धुळीत पंजा उमटलेला दिसला. तळवा आणि अंगठा. बोटं नव्हती.

मार्तंडने तो ओल्या फडक्याने पुसला. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले. दाराला नवं कुलूप आणलं. मग पुन्हा काही दिसलं नाही.

बकुळा आली. रस्त्यावरची गर्दी बघून हसली. "आपल्या इंदूरच्या टेम्पोसारखंच आहे की हो सगळं."

त्याच दिवशी त्याची रातपाळी होती. त्याने बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

सकाळी कुलूप तसंच होतं. बकुळा चहा ठेवत होती. चेहरा टवटवीत.

"नवी जागा, झोपच येईना," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही मधेच आलात. किती वेळ पाठीवर थोपटत बसला होतात."

मार्तंड दारातच उभा राहिला.

"पहाटे परत कुठे गेलात? आणि हात किती गार तुमचे."

ती साखरेचा डबा काढायला वळली. अंगात पांढरं पोलकं होतं.

पाठीवर पिवळा तळवा.

आणि अंगठा, तिच्या मानेकडे वळलेला.