कोणाच्या तोंडात निऑन मावतो?

“तोंड उघड! अजून मोठं! आऽऽ कर!”

ढोल दात तपासायचा छोटा आरसा माशांच्या टाकीच्या काचेला टेकवून गुरामी माशाला दम देत होता. गुरामीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“तो काय पेशंट आहे?” कप्तान खो खो हसला. “आता त्याची दाढ उपटणार की काय?”

“हसू नकोस, दादा,” काचेला नाक लावून बसलेली भिंग म्हणाली. “मला त्याचं तोंडच बघायचंय. निऑन मासे आज आणखी कमी झालेत.”

हसणं तिथेच थांबलं.

भिंग आणि तिचा धाकटा भाऊ ढोल सुट्टीत आत्याकडे आले होते. आत्या दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. कप्तान हा आत्याचा मुलगा आणि तिघांचा म्होरक्या. भिंगला हे नाव पडलं होतं कारण ती कुठलीही गोष्ट अगदी जवळून बघायची. ढोलचं पोट आणि आवाज पाहिला की त्याच्या नावाचं कारण कुणालाही विचारावं लागत नसे.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली रिकामी टाकी आत्याने भिंगच्या ताब्यात दिली होती. “मासे तूच निवड. पण मारामाऱ्या नकोत हं! पेशंट आधीच घाबरलेले असतात.”

भिंगने दुकानदाराला अगदी भंडावून सोडलं होतं. प्रत्येक माशाबद्दल तिचा एकच प्रश्न: “पूर्ण वाढल्यावर याचं तोंड केवढं होतं?”

“एंजल घे, बाळ. राणीसारखी दिसते.”

“मोठी झाली की निऑन गिळेल ती.”

“मग हे पट्टेवाले बार्ब?”

“दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात.”

शेवटी तिने चमकत्या निऑनचा थवा, तळाशी हुंगत फिरणाऱ्या कोरी आणि दोन मधाळ रंगाच्या गुरामी घेतल्या. सगळे एकाच पाण्यात राहणारे, कुणाच्या वाटेला न जाणारे.

“नाही जमलं तर परत घ्याल का?” तिने विचारलं होतं.

“घेईन की!” दुकानदाराने कोपऱ्यातल्या मोठ्या माशांच्या टाकीकडे बोट दाखवलं. “ते बसलेत ना खायला.”

भिंग ते बोट विसरली नव्हती.

“पुन्हा कमी झाले?” आत्या हात पुसत बाहेर आली. “भिंग, निवड तुझी होती ना? मग कुठेतरी तुझंच चुकलंय.”

आतल्या खोलीतून साचेवाले काका डोकावले. ते आत्यासाठी दातांचे साचे आणि कवळ्या बनवायचे. एप्रनवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. ढोलला त्यांनी प्लास्टरचा एक अख्खा जबडा भेट दिला होता.

“लहान हातांत जीव देऊ नयेत, डॉक्टर,” ते हळहळले. “ही पोरगी दिवसभर पाण्यात बोटं घालते. मरणार नाहीत तर काय?”

भिंगचे कान लाल झाले. बोट ती घालायची, हे खरं होतं. दोन गुरामींपैकी एक इतकी धीट झाली होती की बोट पाण्याला लागायचा अवकाश, वर येऊन ती त्याला टोचे मारायची. भिंगने तिचं नाव ठेवलं होतं चोंबडी.

“आणखी एक मासा गेला,” आत्या म्हणाली, “तर उरलेले दुकानात परत. बस्स!”

आत्या आत गेली. ढोलचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. “ताई, परत म्हणजे... त्या मोठ्या टाकीत?”

“हो.”

“मग शोधू या खुनी!” कप्तानने बाह्या सरसावल्या. “गुरामीवर माझा संशय आहे. फार साळसूद दिसते.”

“तिचं तोंड बघ. तांदळाच्या दाण्याएवढं! कोरीचं तोंड खाली वळलेलं. आत निऑन मावेल असं तोंडच नाहीये या टाकीत.”

“मेले असतील आपोआप.”

“मग प्रेतं कुठायत?” भिंग म्हणाली. “आणि खुनी आत असता तर बाकीचे कोपऱ्यात दडले असते. कुणाची शेपटी तरी फाटली असती. हे बघ, मजेत पोहतायत सगळे! दादा, खाणारा आत नाहीच. कुणीतरी मासे बाहेर काढतंय.”

तिने झाकणाची मूठ निरखली. मुठीच्या खालच्या बाजूला पांढरा डाग होता.

“प्लास्टर!” ढोल ओरडला. “साचेवाले काका!”

“हळू बोल, ढोल्या! अख्ख्या गल्लीला सांगतोस का?” कप्तानने त्याचं तोंड दाबलं.

“प्लास्टर आत्याच्या हातालाही असतं,” भिंग म्हणाली. “एवढ्याने कुणी आपलं ऐकणार नाही. तेही पोरांचं.”

दुपारी दवाखाना बंद असायचा. आत्या वर आडवी व्हायची. खाली एकटे काका काम करत बसायचे. मासे कमी व्हायचे ते दुपारनंतरच.

युक्ती कप्तानला सुचली. कवळी बनवायचं गुलाबी मेण आत्याच्या कपाटात होतं. टाकीच्या झाकणात दिवा असल्यामुळे मूठ कायम कोमट असायची. मुठीच्या खाली मेणाचा थर दिला, की तो मऊच राहणार. हात लावणाऱ्याची बोटं त्यात उमटणार!

“पण मासे आधी बादलीत काढून ठेवू,” भिंग म्हणाली.

“वेडी आहेस का? टाकी रिकामी दिसली तर झाकण उघडेल कोण?”

“एखादा जाईल, दादा.”

“नाही लावलं मेण, तर सगळे जातील.”

भिंगने टाकीकडे एकदा पाहिलं. मग तिने स्वतःच मेण मळायला घेतलं.

दुपारी तिघं वर गेली. ढोलने तीनदा जिना उतरायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कप्तानने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. आत्या उठल्यावर तिघं धावतच खाली आली.

भिंगने आधी टाकी पाहिली. निऑन होते. कोरी होत्या. गुरामी एकच होती.

तिने मूठ टाळून झाकण कडेने किलकिलं केलं आणि पाण्यात बोट घातलं. कुणीच वर आलं नाही.

“चोंबडी...” ढोल काचेवर हात ठेवून तिला शोधू लागला.

“जाळी फिरवावीच लागली नसेल,” भिंग कोरड्या आवाजात म्हणाली. “हात दिसल्यावर ती आपणहून वर आली असेल. मीच शिकवलं होतं तिला.”

कप्तानने कडा धरून झाकण उलटं केलं. मेणात चार बोटं स्वच्छ उमटली होती. भिंगने प्लास्टर कालवून त्यात ओतलं. तिचा हात जराही हलला नाही. घट्ट झाल्यावर मेण सोलून काढलं, तेव्हा तिच्या तळहातावर चार पांढरी बोटं होती. त्यांतलं एक अर्धंच!

तिने ती आत्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. आत्याने अर्धं बोट उजेडात धरलं.

“कवळी घासायच्या यंत्रात गेलं होतं काकांचं हे बोट,” ती सावकाश म्हणाली. “पट्टी मीच बांधली होती.”

पांढरी बोटं हातात घेऊन ती तडक आतल्या खोलीत शिरली, मागोमाग तिघं मुलं. प्लास्टरच्या पोत्यांमागे एक टब होता. तिने वरची फळी बाजूला केली. आत एक ऑस्कर मासा होता, काळपट, ताटलीएवढा. टब इतका अरुंद की त्याला धड वळताही येत नव्हतं. पोट खपाटीला गेलेलं. माणसं दिसताच त्याने भलंमोठं तोंड वासलं.

“यात मावतो,” भिंग म्हणाली.

साचेवाले काका आधी हसले. “अहो डॉक्टर, मासेच ते! याला उपाशी ठेवलं ना, की असा झडप घालतो! बघण्यासारखं असतं.”

“आणि नाव या पोरीचं घेत होतात?” आत्याने विचारलं.

“पोरं काय, रडतात आणि विसरतात.”

“तुमचं सामान उचला. आत्ता!”

पांढऱ्या बोटांकडे नजर गेली तसं काकांचं हसू मावळलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे साचे घेणारा माणूस स्वतःच्या साच्याकडे न बघता निघून गेला.

“याला गटारात टाकू या!” ढोल टबावर धावून गेला. “चोंबडीला खाल्लं याने!”

“थांब!” भिंग आडवी आली. “भूक लागली म्हणून खाल्लं त्याने. उपाशी ठेवणारा वेगळा होता. त्याला मोठी टाकी हवी. एकट्याची.”

“मिळेल,” आत्या म्हणाली. तिने भिंगच्या खांद्यावर हात ठेवला. “चुकलं माझं, बाळ. तुझी निवड अचूक होती. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते मी, आणि शेजारच्या खोलीतलं तोंड दिसलं नाही! शाबास तुम्हा तिघांची!”

“मेणाची युक्ती माझी होती!” कप्तान म्हणाला.

“आणि मी ओरडलो होतो!” ढोल म्हणाला. सगळे हसले.

भिंग बाहेर टाकीपाशी गेली. तिने सवयीने पाण्यात बोट घातलं. उरलेली गुरामी थबकली. चोंबडीचं बघून तीही शिकली असावी. हळूहळू, डुलत डुलत, ती वर येऊ लागली.

ती बोटाला टेकणार, एवढ्यात भिंगने पाण्यावर जोरात चापट मारली.

गुरामी दचकून पानांमागे पळाली.

“अगं ताई! हे काय करतेस?” ढोल ओरडला.

“बोट दिसलं की वर यायचं, हे तिला विसरवायचंय,” भिंग म्हणाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोट पाण्यात घातलं आणि चापट मारायला दुसरा हात उचलला. गुरामी वर यायची थांबेपर्यंत भिंग तिथून हलली नाही.